मुरमावरची टिटवी

मला राग पटकन येतो आणि जायला फार वेळ लागतो. शाळेत विज्ञान शिकवत होते तेव्हा वर्गात हमखास कुणीतरी विचारायचं, "बाई, साप डूख धरतो का?" मी सांगायचे, नाही रे बाबांनो, सापाला तेवढी आठवण नसते, डूख धरतो तो माणूस. हे मी स्वतःवरूनच सांगतेय, हे मुलांना कळायचं नाही.

निवृत्त झाल्यापासून मी रोज कासारसाईच्या पाण्यावर फिरायला जाते. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नाही. घरात बसलं की मला माणसांचे दोष दिसतात आणि बाहेर पडलं की पाखरं दिसतात, म्हणून. आमच्या वस्तीतून निघायचं, ओढ्यावरच्या फरशीवरून पलीकडं जायचं, भाताच्या खाचरांमधल्या बांधावरून करंजाच्या झाडापर्यंत, तिथून पुढं माळ लागतो आणि माळ उतरला की पाणी. आमच्या वस्तीतल्या बायका याच वाटेनं धुणं घेऊन जायच्या, शेरडं पाण्यावर न्यायच्या, आणि मी शाळकरी वयात इथंच पाखरं बघायला शिकले. कागदावर ही वाट कुठंच नाही. पायांखाली मात्र ती इतकी घट्ट झाली आहे की पावसाळ्यातसुद्धा तिच्यावर गवत धरत नाही.

हिवाळ्यात तिथलं सुख काय सांगावं. सकाळी पाण्यावरून वाफ निघत असते. त्या वाफेत आधी आवाज येतात आणि मग पक्षी दिसतात. धोबी शेपट्या वरखाली करत गाळावरून पळत असतात. शेकाट्या आपले लांब लाल पाय असे उचलून टाकतात, जणू चिखल दुसऱ्या कुणासाठी आहे. चक्रवाकांची जोडी दूर मधल्या उंचवट्यावर बसते, आणि हिंजवडीकडून कुणी मोटारीत गाणी लावून आलं की उठून पलीकडच्या काठाला जाते. मीही उठून जाते. थंडी सरता सरता हे पाहुणे एकेक करून निघून जातात, काटेसावरी पानं झाडून लाल होतात, साळुंक्या त्या फुलांवर भांडायला लागतात, आणि माळावर टिटवी घर करते.

घर म्हणजे काय, चार खडे बाजूला सारून केलेली बशीएवढी खळगी. त्यात मातीच्या रंगाची, काळे शिंतोडे उडालेली अंडी. पायाखाली येतील तरी दिसणार नाहीत. ऊन तापायला लागलं की नर-मादी आळीपाळीनं पाण्यावर जातात, पोटाची पिसं भिजवून येतात आणि त्या ओल्या पोटानं अंड्यांवर बसतात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुणाला तरी सांगावं म्हणून आजूबाजूला बघितलं, तर फक्त एक म्हैस होती. तिला सांगितलं.

त्या माळाचा मालक माझाच विद्यार्थी. गावातलं जुनं, जमीनजुमला असलेलं घराणं. दहावीला विज्ञानात काठावर पास झाला, तोही मी शाळा सुटल्यावर धरून बसवलं म्हणून. आता गळ्यात साखळी, दारात पांढरी मोठी गाडी आणि माळावर फलक: धरणाच्या काठी, निसर्गाच्या कुशीत, बंगल्यांचे प्लॉट. निसर्ग आधी सपाट करायचा आणि मग त्याच्या कुशीत शिरायचं, असा हा धंदा आहे.

यंदा होळीच्या सुमाराला त्यानं माळावर जेसीबी आणला. मी जाऊन त्याला म्हणाले, "बाबा रे, त्या कोपऱ्यात टिटवीची अंडी आहेत. तेवढा तुकडा महिनाभर राहू दे. बाकी काय करायचं ते कर."

"टिटवी?" तो दोन पावलं मागं सरला. "बाई, त्या पाखराचं नाव बी नका काढू हितं. आमच्या घरावरनं लई वरडत हुती एकदा, आन त्याच आठवड्यात आजा गेला."

"तुझा आजा नव्वदीला टेकला होता."

"म्हातारा व्हता, पर धडधाकट व्हता की."

हा मुलगा माझ्याकडं तीन वर्षं विज्ञान शिकला होता. जेसीबीच्या तोंडावर लिंबू-मिरची लोंबत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर तो कोपरा आधी सपाट केलेला होता, बाकी माळ अजून तसाच होता. म्हणजे मी सांगितल्यामुळं त्याला जागा कळली आणि त्यानं कामाची सुरुवातच तिथून केली. टिटव्या वर घिरट्या घालत ओरडत होत्या आणि खाली ड्रायव्हर कानात बोंडं घालून गाणी ऐकत होता.

मग तार आली. करंजाच्या पुढं सिमेंटचे खांब, काटेरी तार, आणि एक रखवालदार खुर्ची टाकून बसलेला. "मॅडम, इधर से रास्ता बंद है," तो म्हणाला. बिचारा कुठून तरी लांबून आलेला होता, त्याच्याशी काय भांडायचं. मी पत्र्याच्या शेडमध्ये, जिथं माझा विद्यार्थी गिऱ्हाइकांना नकाशे दाखवत बसायचा, तिथं गेले.

"या बाई, बसा. चहा सांगतो."

"वाट का अडवलीस?"

"वाट काय सातबाऱ्यावर हाय का? दाखवा, आत्ता तार काढतो."

"वहिवाट आहे. तुझ्या जन्माच्या आधीपासूनची."

"आवो, पर आता कशाला पायजे ती वाट?" तो अगदी समजुतीनं म्हणाला. "तुमच्या लोकांना नळ दिलाय की वस्तीत. पाण्यावर यायचं काय काम हाय आता?"

यात आपण काही वाईट बोललो असं त्याला वाटलं नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त झोंबलं. शिवी दिली असती तर मी परत दिली असती. शाळेत मी त्याची "आमच्या बाई" होते. लग्नाची पत्रिका द्यायला आला तेव्हाही "आमच्या बाई" होते. पाण्याचा विषय निघाला तशी मी "तुमची लोकं" झाले. आमचं घर बौद्धांचं. पाण्यावर येण्यावरून आमच्या लोकांना कुणी काय काय ऐकवलं, हे मी त्याला शिकवलं नव्हतं. तो धडा इतिहासाच्या पुस्तकात होता आणि तो यानं गाळला असणार. मी चहा तसाच ठेवून उठले. तलाठ्याकडं गेले, तर ते "बघू" म्हणाले. सरकारी माणूस "बघू" म्हणाला की आपण समजून घ्यावं की त्यानं डोळे मिटले.

याचं उट्टं काढायचं, हे मी घरी येईपर्यंत ठरवलं होतं. कसं, ते ठाऊक नव्हतं. ते मला पाखरांनी दाखवलं.

त्याचं असं झालं, की प्लॉटांमधल्या रस्त्यासाठी त्यानं माळावर मुरूम पसरला. लालसर, बारीक खड्यांचा, छान दाबून बसवलेला. टिटवीला याहून चांगली जागा कुठं मिळणार? पहिली अंडी गेली तर ती पुन्हा घालते. मी तारेबाहेर बांधावर दुर्बीण घेऊन उभी होते, तर मुख्य रस्त्याच्या निम्म्या लांबीवर, नमुन्याचा म्हणून चुना मारून आखलेल्या प्लॉटाच्या कडेला, मादी पोट टेकवून बसलेली. ओलं पोट. मी एकटीच इतकी हसले की रखवालदार खुर्चीवरून उठून बघायला लागला. त्याला काही सांगितलं नाही. एकदा जागा सांगून बसले होते, आता कुणालाच सांगणार नव्हते.

रविवारी गिऱ्हाइकं यायची. कंपन्यांतली तरुण जोडपी, आणि बहुतेकांबरोबर गावाकडून आलेले आईवडील, कारण जागा घ्यायची तर थोरांच्या पायांनी बघायची. गाडी मुख्य रस्त्यावरून आत आली की टिटव्या उठायच्या आणि डोक्यावरून सूर मारत, "टिटिव्-टिव्, टिटिव्-टिव्" करत अख्खं शिवार उठवायच्या. माझा विद्यार्थी हात हलवून त्यांना हाकलायचा आणि तोंडानं पाण्याची टाकी कुठं येणार ते सांगत राहायचा. त्याचा आवाज कापायचा. ते मला बांधावरून ऐकू यायचं आणि फार बरं वाटायचं.

एका रविवारी एक म्हातारी ऊन लागलं म्हणून करंजाच्या सावलीला तारेजवळ आली. बोलण्यावरून सातारकडची. मी नमस्कार केला. मग विचारलं, "आजी, हा पक्षी ओरडतोय ना, याला तुमच्याकडं काय म्हणतात?"

"टिटवी," म्हातारी खाली बघत म्हणाली.

"आणि ती अशी ओरडायला लागली की काय म्हणतात?"

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, मग मुलाकडं बघितलं. पदर डोक्यावर ओढून घेतला आणि तिकडं जाऊन मुलाच्या दंडाला धरलं. गाडी गेली ती पुन्हा आली नाही.

मी खोटं एक अक्षर बोलले नव्हते. फक्त प्रश्न विचारला होता, आणि उत्तर विद्यार्थ्याच्याच तोंडून काढून घ्यावं ही तर शिकवायची जुनी रीत. पुढच्या रविवारी पुन्हा विचारला. मग दर रविवारी. काही म्हाताऱ्या माणसांना तर विचारावंही लागलं नाही, ती नुसती माझ्याकडं बघायची आणि मी म्हणायचे, "बरं." मराठीत "बरं" इतकं घातक दुसरं काही नाही, फक्त ते हळू म्हणता आलं पाहिजे.

घरी ह्यांना कळलं. हे कंपनीतून निवृत्त झालेले, रोज संध्याकाळी विहारात जाऊन पेपर वाचणारे, शांत माणूस. जेवताना म्हणाले, "आपल्या घरात शकुन-अपशकुन हा शब्द उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. तू जन्मभर पोरांना तेच शिकवलंस. आणि आता तेच विकायला बसलीस?"

"मी फक्त प्रश्न विचारते."

"प्रश्नाला धार असते. कुणाच्या हातात उलटेल सांगता येत नाही."

मला पटलं नाही असं नाही. पण मला ते वाक्य आठवलं, तुमच्या लोकांना नळ दिलाय की, आणि मी भाकरीचा दुसरा तुकडा मोडला. लाज वाटायला हवी होती, तशी वाटली नाही. त्या दिवसांत मला भूकही चांगली लागायची.

वैशाखात सगळंच रंगाला आलं. धरणाचं पाणी खाली गेलं, काठाच्या गाळाला भेगा पडल्या, बहावा पिवळा झाला, पोरं करवंदांनी ओठ काळे करून फिरू लागली. बुकिंग मोडल्याच्या बातम्या किराणा दुकानात मिळायला लागल्या. माझ्या विद्यार्थ्यानं माळावर शांत केली. मंडप घातला, होम पेटवला, आणि तो मंडप घातला नेमका खळगीपासून पाच-सहा पावलांवर. टिटव्यांनी त्या भटजींना एक मंत्र धड म्हणू दिला नाही. शेवटी त्यांनी आवाज चढवला, तशा टिटव्यांनीही चढवला. त्याच आठवड्यात जेसीबी काठाच्या गाळात रुतला. वरून कोरडा दिसणारा गाळ आत ओला असतो, हे वस्तीतल्या शेरडांनाही कळतं. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, आणि ड्रायव्हरनं "यहाँ काम नहीं करना" म्हणून गाव सोडलं.

मग एका संध्याकाळी माझा विद्यार्थी आमच्या दारात आला. एकटा, पायी. मी "आत ये" म्हटलं तरी ओट्याच्या खालीच उभा राहिला. पाणी दिलं, ते घेतलं नाही. का घेतलं नाही, हे मी विचारलं नाही. दोन्ही कारणं मला सारखीच माहीत होती.

"बाई, लोकं म्हनत्यात तुमी करणी केली."

मी पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवला.

"पाखरू तुमचं ऐकतंय म्हनत्यात. तुमी बांधावर हुब्या ऱ्हायला की वरडतंय. म्या न्हाई म्हनत, लोकं म्हनत्यात." त्याचे डोळे लाल होते. झोप नसावी. "काय चुकलं आसंल तर पदरात घ्या. पर हे उतरवा बाई."

शिकला-सवरलेला, माझ्याच वर्गातला मुलगा मला चेटकीण समजून माझ्यासमोर हात जोडून उभा होता. त्याला सगळं सांगणं सोपं होतं. अरे, रस्त्याच्या कडेला अंडी आहेत, गाडी जवळ गेली की आईबाप ओरडतात, मी असले काय नि नसले काय. पिल्लं येत्या चार दिवसांत निघतील, निघाली की ती चालायला लागतील आणि आईबाप त्यांना घेऊन पाण्यावर जातील. मग आवाज बंद. मादी बसल्यापासून मी लक्ष ठेवून होते, माझा अंदाज चुकणार नव्हता. हे सांगायला जितका वेळ लागला असता तितका वेळ मी त्याच्याकडं नुसती बघत राहिले. फळ्यासमोर उभं केलेल्या पोराकडं बघतात तशी.

मग म्हणाले, "तार काढ. तुझ्या हातानं. आठवड्याच्या आत आवाज थांबेल. आणि तोवर मुरमावर गाडी, माणूस, कुणी जायचं नाही."

"व्हय बाई."

"वाट कुणाची?"

"तुमचीच की, बाई."

उत्तर चुकलं होतं. गावाची, असं म्हणायला हवं होतं, किंवा आपली. पण तो परीक्षेतही असाच करायचा, शेवटचा शब्द चुकवायचा, आणि मी तेव्हाही मार्क दिले होते.

दुसऱ्या दिवशी त्यानं खरोखर स्वतः पक्कड घेऊन तार कापली. मी करंजाखाली उभी राहून बघितलं. हाताला काटे लागत होते, रक्त येत होतं, आणि मी एकदाही "जपून" म्हटलं नाही. चौथ्या दिवशी पिल्लं निघाली. कापसाच्या बोळ्यासारखी, जन्मल्याबरोबर तुरुतुरु चालणारी. आईनं इशारा दिला की जिथल्या तिथं खड्यासारखी गप्प बसणारी. दोन दिवसांत सगळं कुटुंब उतरून पाण्याच्या काठाला गेलं आणि माळ शांत झाला. अख्ख्या गावात माझा शब्द खरा ठरला. शाळेत इतकी वर्षं प्रयोग करून दाखवले, त्यातल्या एकावरही गावानं इतका विश्वास ठेवला नव्हता.

आता श्रावण चालू आहे. धरण भरलंय, खाचरांत भात गुडघ्याएवढं झालंय, बांधाच्या कडेनं तेरडा फुललाय आणि बगळे एकेका खाचरात एकेक असे वाटून घेतल्यासारखे उभे असतात. वस्तीतली शेरडं पुन्हा पाण्यावर जायला लागली. प्लॉट अजून रिकामेच आहेत, मुरमावर आघाडा माजलाय. मी रोज जाते. मी जिंकले, हे मी रोज जाताना एकदा आणि येताना एकदा स्वतःला सांगते.

परवा संध्याकाळी पाऊस उघडला होता. मी पाण्यावरून परत येत होते, पाठीवर श्रावणातलं तिरपं ऊन. बांधावर समोरून माझा विद्यार्थी आणि त्याची बायको येत होती. बांध अरुंद आहे, दोन माणसं एकमेकांना अंग चोरून ओलांडतात. मला बघितल्यावर तो थांबला. मग बायकोच्या हाताला धरून खाली खाचरात उतरला. चांगले बूट घातले होते, ते चिखलात गेले. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, विद्यार्थी बाईंना वाट देतोय.

माझे वडील याच बांधावरून मला शाळेत सोडायचे. समोरून याच्या घरातलं कुणी आलं की ते मला उचलून घ्यायचे आणि खाचरात उतरायचे. खाली मान घालून, माणूस जाईपर्यंत. एकदा मी विचारलं होतं, आपण का उतरायचं? ते म्हणाले होते, तू शिक, म्हणजे तुला उतरावं लागणार नाही. मी शिकले. मला उतरावं लागलं नाही. तो उतरला होता, आणि माझ्या छातीत काहीतरी गोड भरून आलं. तरी तोंडून "अरे, वर ये" निघणारच होतं. इतक्या वर्षांची बाईपणाची सवय असते.

तेवढ्यात त्यानं बायकोला मागं ओढलं. ती वर यायला निघाली होती. तो हळूच म्हणाला, पण ओल्या हवेत शब्द लांब जातात.

"थांब जरा. बाईंची सावली जाऊ दे फुडं."

बांध तिथं वळतो. ऊन माझ्या पाठीशी होतं, आणि सावली वाटेवरून घसरून सरळ खाचरात, त्या दोघांच्या अंगावर पडली होती. तिचं तोंड पदरात होतं. त्यानं डोळे मिटले होते.

मी तिथंच उभी राहिले.